व्हेनिसचे मणी धडगावच्या बाजारात

सातपुड्यातून परत येऊन महिना होत आला, तरी सकाळी डोळे उघडताना मला क्षणभर वाटतं, आपण अजून तिकडेच आहोत. मग खालच्या गल्लीतून दूधवाल्याची हाक येते आणि गिरगाव पुन्हा आपल्या जागेवर येऊन बसतं. भेटेल तो विचारतो, "पश्चिम खानदेशात पाहण्यासारखं आहे तरी काय?" प्रत्येकाला वेगळं उत्तर देऊन थकले, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते आहे.

मी कुणाबरोबर गेले, ते आधी सांगायला हवं. फोर्टात सिन्योरा बियांका नावाच्या एका इटालियन बाईंचं काचसामानाचं दुकान होतं. त्यांचे यजमान व्हेनिसहून पेले, झुंबरं आणि पेट्याच्या पेट्या भरून काचेचे मणी आणवत. यजमान वारले, बाईंनी दुकान आवरलं, पण जागा सोडली नाही. तिथेच दर गुरुवारी संध्याकाळी त्या सर्वांसाठी दार उघडं ठेवत. इटालियन भाषेचे चार धडे, मॅजिक लँटर्नच्या दिव्याने पडद्यावर व्हेनिसची चित्रं, एखादं गाणं, आणि शेवटी कडू कॉफी. मी मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवते. पहिल्यांदा गेले ती तिथल्या लेसचे नमुने उतरवून घ्यायला. पुढे भाषेची गोडी लागली आणि एकही गुरुवार चुकेना.

वैशाखात सिन्योरा कायमच्या मायदेशी जाणार होत्या. एका गुरुवारी कॉफी ओतता ओतता त्या म्हणाल्या, "वीस वर्षं मी पेट्यांवर एक नाव रंगवलेलं पाहिलं. नंदुरबार. सगळ्यांत जास्त मणी तिकडे जायचे. कोण घालतं ते, माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नव्हतं. जाण्याआधी मला एक गुरुवार नंदुरबारला न्यायचा आहे. तू येशील?"

दादाने कुरकुर केली. वहिनीने त्याची समजूत काढली. होळीच्या सुमाराला आम्ही निघालो.

नंदुरबार

सुरतेला गाडी बदलली. तापी व्हॅलीच्या त्या संथ गाडीत नवापूर, चिंचपाडा मागे पडेपर्यंत दोन्ही बाजूंना पळस पेटलेला होता. एकही पान नाही, नुसती केशरी फुलं. सिन्योरा खिडकीला नाक लावून बसल्या होत्या. "हे लोक झाडांना कधी विझवतात?" असं त्यांनी मला अगदी गंभीरपणे विचारलं.

स्टेशनवर छगनशेठ आले होते. मण्यांच्या पेट्या वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच येत. पांढरं धोतर, काळी टोपी, आणि एका गोऱ्या बाईला घरी न्यायचं म्हणून चेहऱ्यावर थोडी घालमेल. ती घालमेल त्यांच्या पत्नीने, नर्मदाकाकींनी, एका क्षणात घालवली. ओसरीवर पाट मांडून त्यांनी सिन्योरांना हाताला धरून बसवलं. ताटात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, भाजलेल्या वांग्याचं हिरव्या मिरचीतलं भरीत आणि लोण्याचा गोळा.

"खा ना बाई, लाजू नका. हाई तुमनंच घर शे."

सिन्योरांनी माझ्याकडे पाहिलं. हे तुमचंच घर आहे, असा मी अर्थ सांगितला. 'शे' हा शब्द त्यांना इतका आवडला की दिवसभर त्या बोट दाखवून म्हणत राहिल्या, "भाकरी शे. मांजर शे. सूर्य शे." काकी तोंडाला पदर लावून हसत होत्या. मला मात्र दोन्ही भाषांत चाचपडावं लागत होतं. काकींची अहिराणी माझ्या कानाला पुढच्या खोलीतून येणाऱ्या बोलण्यासारखी होती. सूर ओळखीचा, शब्द मात्र अर्धे हाती लागायचे.

गुरुवारची सभा छगनशेठच्या जीनच्या आवारात झाली. सरकी काढलेल्या कापसाचे ढीग भोवती होते. त्यांच्यामध्ये एक पांढरी चादर ताणून बांधली होती. गाव लोटलं. बोलपट अजून विलायतेतच, इथे मुका चित्रपटही वर्षातून एखादाच यायचा, त्यामुळे लँटर्नचं नवल मोठं होतं. आधी भाषेचा धडा झाला. संध्याकाळी भेटताना 'बुओना सेरा' म्हणतात, असं मी सांगितलं आणि सर्वांकडून म्हणवून घेतलं. मागच्या रांगेतून एका म्हाताऱ्याने विचारलं, "काय म्हणतीस? बुवांना शिरा?" झालं! सगळं आवार 'बुवांना शिरा'च्या गजराने दुमदुमलं. सिन्योरांना कारण कळलं नाही, पण आपली भाषा इतक्या आनंदाने कुणी म्हणतं आहे हे पाहून त्यांचे डोळे भरून आले.

मग चित्रं. पहिलीच काच मी उलटी घातली. पडद्यावर व्हेनिस शहर खाली डोकं करून लटकलं. वर पाणी, त्याखाली मनोरे आणि पूल. मी घाईने काच काढायला गेले तर लोक ओरडले, "ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या!" पाण्यावर वसलेलं शहर म्हणून आम्हीच सांगितलं होतं. ते असंच दिसत असणार, असं त्यांना वाटलं. सिन्योरांनीही मला थांबवलं. कापसाच्या ढिगांमध्ये ते उलटं शहर बराच वेळ तरंगत राहिलं आणि मलाही ते तसंच खरं वाटू लागलं.

शेवटी मक्याच्या पिठाचा पोलेंता, त्यांच्याकडची घट्ट लापशी, वाटला. नर्मदाकाकींनी एक घास चाखला, "हाऊ तं आमना घाटाच शे," असा निकाल दिला आणि त्यावर तूप सोडलं. तुपाने तो खरोखरच सुधारला.

एका बाजूला टेबल मांडून त्यावर सिन्योरांनी मणी ठेवले होते. दुकानातल्या शेवटच्या पेटीतले, मोहरीएवढे निळे आणि पांढरे. शेजारी एक झिजलेलं लाकडी तसराळं आणि वीतभर लांबीच्या बारीक सुया. त्या टेबलाकडे कुणीही फिरकलं नाही. सभा संपल्यावर सिन्योरा आवारात उभ्या राहून बायकांच्या गळ्यांकडे पाहत होत्या. तिथे सोन्याची एकदाणी होती, काळी पोत होती. निळे मणी नव्हते.

"हे मणी घालणाऱ्या त्या कुठे आहेत?" त्यांनी छगनशेठना विचारलं.

"त्या इथं नही ऱ्हातीस," शेठ म्हणाले. "त्या डोंगरमां ऱ्हातीस. होळीना आधीना बाजारले धडगाव जा. तठे दिसतीन."

सिन्योरांनी माझ्याकडे वळून एवढंच विचारलं, "डोंगर किती उंच आहे?"

प्रकाशा

शेठनी बैलांची दमणी जुंपून दिली, बरोबर एक गाडीवान दिला आणि घाटासाठी दोन घोडी तळोद्याला सांगून ठेवली. आम्ही प्रकाशाला पोचलो तेव्हा तापीवर धुकं होतं. पैलतीर दिसत नव्हता. देवळांची शिखरं तेवढी धुक्यातून वर आली होती, जमिनीशी संबंध नसल्यासारखी.

नावेत बैल, गाडी, दोन शेळ्या आणि आम्ही. नावाडी उभा राहून लांब बांबूने नाव रेटत होता. सिन्योरा एकदम उठून उभ्या राहिल्या. "आमच्याकडेही नावाडी असाच उभा असतो!" नाव डुगडुगली, शेळ्या ओरडल्या. मी त्यांचा झगा धरून त्यांना खाली बसवलं. त्यांनी पाण्यात हात सोडला आणि हळूच म्हणाल्या, "आक्वा."

"काय म्हनी ऱ्हायनी बाई?" नावाड्याने विचारलं.

"पाणी म्हणतात."

त्याने तो शब्द दोनदा पुटपुटून पाहिला. म्हणाला, "आशे लांब लांब देश देखीसन बी पानीच मांगस मानूस." म्हणजे काय, हे मला अजून नीट उमगलेलं नाही, पण तो फार समाधानाने हसला. बांबू पाण्यात शिरायचा आणि निघायचा, तेवढाच आवाज. मला वाटलं, पैलतीर आलाच नाही तरी चालेल.

चांदसैलीचा घाट

घाट चढताना मात्र स्वप्न मोडलं. ऊन चढलं, वाट दगडाची. लँटर्नची पेटी ज्या घोड्यावर लादली होती, त्याने एका वळणावर मान खाली घातली आणि शांतपणे बसकण मारली. दोर सुटला. पेटी दगडांवरून आपटत खालच्या नाल्यात गेली.

गाडीवान आणि मी खाली उतरलो. दिव्याचं पितळी नळकांडं चेपलं होतं. काचांचा चुरा झाला होता. एका तुकड्यावर पुलाची कमान उरली होती, दुसऱ्यावर कुणाचं तरी छत्री धरलेलं अर्धं शरीर.

सिन्योरा वरच एका दगडावर बसून होत्या. मी तुकडे रुमालात आणून दाखवले. त्यांनी ते पाहिले नाहीत.

"परत जाऊ या," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे आता त्यांना दाखवण्यासारखं काही नाही. रिकाम्या हातांनी मी तिथे काय सांगू, मी कोण आहे म्हणून?"

वाऱ्यावर कुठून तरी मोहाचा गोड, जड वास येत होता. गाडीवान घोड्याला उठवत होता, तो उठत नव्हता. माझंही मन खचलं होतं. पण इतक्या वर येऊन परत फिरायचं, हे मला सहन होईना.

"सिन्योरा, तुम्ही दाखवायला निघाला होतात, की पाहायला?"

त्या उठल्या, घोड्यापाशी गेल्या. मग डोक्यावरची टोपी काढून त्याला वारा घालू लागल्या. तो मेहेरबान होऊन उठला, आणि आम्ही चालू लागलो.

धडगाव

धडगावच्या शाळेत एक मास्तर होते, शहाद्याकडचे पाटील. कित्येक वर्षं डोंगरात राहून ते तिथल्या लोकांची पावरी बोली शिकले होते. शाळेच्या पडवीत त्यांनी आमची सोय केली. दुसऱ्या दिवशी भोंगऱ्या बाजार होता, होळीच्या आधीचा.

ढोल पहाटेपासून ऐकू येऊ लागले. डोंगरांच्या सोंडांवरून माणसांच्या रांगा उतरत होत्या. पुरुषांच्या फेट्यांत पिसं, कमरेला घुंगरं, हातात पावे. बायका लाल-काळ्या लुगड्यांत, आणि गळ्यात? गळ्यात चांदीची जड हासळी, आणि तिच्याखाली सरींवर सरी, निळ्या आणि पांढऱ्या मण्यांच्या. ऊन पडलं की सगळी रांग ओलसर चकाके. सिन्योरांनी माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला.

आमच्या मुंबईच्या जत्रेत माणूस गर्दीत हरवतो. इथे उलटं झालं. आम्ही जिथे जाऊ तिथली गर्दी मागे सरके आणि आम्ही दोघीच उघड्यावर उरू. सिन्योरा पुढे वाकून एका तरुण मुलीच्या माळेकडे पाहू लागल्या, तशी ती मुलगी गळा झाकून पळाली. ढोल थांबले. पांढऱ्या मिशांचा, हातात काठी घेतलेला एक माणूस पुढे आला. तो गावाचा कारभारी. तो मास्तरांशी रागाने बोलला. मास्तरांनी आम्हाला सांगितलं,

"ते म्हणतात, मागे असंच कुणी गोरं माणूस आलं, सगळं निरखून गेलं, आणि मग आमचं रान आम्हालाच बंद झालं. ही बाई आमच्या बायकांच्या गळ्याकडे का बघते? हिला काय न्यायचंय? ते म्हणतात, तुम्ही आत्ताच खाली उतरा."

मी सिन्योरांना सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. मग त्या जे बोलल्या ते मी मराठीत सांगितलं आणि मास्तरांनी पावरीत. वाक्य दोन माणसांतून जात होतं, त्यामुळे दर वेळी मोठी शांतता पडे.

"मला काही न्यायचं नाही. हे मणी माझ्या गावचे आहेत. माझ्या आईने ओवलेले असतील."

लोक हसले. कारभारी म्हणाला, मणी नंदुरबारहून येतात, हे लहान पोरालाही माहीत आहे.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून एक म्हातारी पुढे आली. रेलीबाई तिचं नाव, ते मागाहून कळलं. कमरेत वाकलेली, पण आवाज खणखणीत. गळ्यात इतक्या सरी की हनुवटी त्यांवर टेकलेली. ती कारभाऱ्याला काहीतरी म्हणाली आणि तो चूप झाला.

मास्तर म्हणाले, "ती म्हणते, आईने ओवले तर लेकीला ओवता येत असेल. ओवून दाखव म्हणावं."

सिन्योरा जागच्या जागी थिजल्या. मला म्हणाल्या, "मी बारा वर्षांची असताना सुया टाकल्या, त्या पुन्हा धरल्या नाहीत. आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायका दारात बसून हेच करायच्या. आईचे डोळे त्यातच गेले. मला वाटायचं, कोण कुठल्या बायका, आपल्या गळ्यासाठी माझ्या आईचे डोळे घेतात! नवऱ्याने तेच मणी विकले, तेव्हाही मी एकही मणी ओवला नाही."

पण त्यांनी पडवीतल्या आमच्या सामानातून तसराळं, सुया आणि मणी आणवले. भर बाजारात, मोहाच्या झाडाखाली जमिनीवर बसल्या, तसराळं मांडीवर घेतलं, त्यात निळे मणी ओतले. त्या वीतभर सुया एका हातात पंख्यासारख्या पसरून धरल्या, प्रत्येक सुईच्या मागे दोरा. आणि तो पंखा मण्यांत बुडवून सपकन उचलला.

सुया कोऱ्याच निघाल्या. पुन्हा तेच. कुणीतरी खुदकन हसलं. सिन्योरांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी डोळे मिटले आणि गुणगुणायला सुरुवात केली. गुरुवारी कधी न म्हटलेलं गाणं, शिकवायच्या भाषेतलंही नव्हे. त्यांच्या गल्लीच्या बोलीतलं. मला त्यातला एक शब्द कळेना. गाण्याच्या झोक्याबरोबर मनगट हलू लागलं. पंखा मण्यांत शिरला, निघाला, शिरला, निघाला, आणि प्रत्येक सुईवर खालून वर निळा रंग चढत गेला, जणू सुया तो रंग पीत होत्या.

बाजार गप्प झाला. फक्त मण्यांचा सरसर आवाज, वाळूवरून ओसरणाऱ्या पाण्यासारखा. मग एका ढोलवाल्याने बोटांच्या टोकांनी, अगदी हळू, तोच ठेका धरला. बायका जवळ सरकल्या, आणखी जवळ. मघाची पळालेली मुलगी सिन्योरांच्या खांद्यावरून वाकून पाहत होती आणि तिच्या माळा त्यांच्या गालाला लागत होत्या.

पुढे जे झालं, त्याला सभा म्हणा, जत्रा म्हणा. रेलीबाई समोर बसून सुया मागून घेऊ लागली. तिला जमेना, तिने त्या सुयांना शिव्या दिल्या, सगळ्या हसल्या. रंगांची नावं विचारली गेली. सिन्योरा इटालियन नाव सांगत, बायका पावरी. कुणी पोलेंत्यासारखीच मक्याची राबडी द्रोणात आणून दिली. कारभारी काठीवर हनुवटी टेकून बसला होता. त्याने मास्तरांना विचारलं, बाईच्या गावातही बायका दारात बसून गातात का? गातात, असं कळल्यावर त्याने मान डोलावली आणि आमच्यासाठी सावलीत बाज टाकवली. मी वही काढून माळांची ठेवण उतरवू लागले, पण थोड्याच वेळात वही मिटली. हात तिथे नुसते मांडीवर ठेवून बसावेसे वाटत होते.

ऊन कलल्यावर रेलीबाईने विचारलं, "तुझी आई आता कुठंय?"

"नाही ती. शेवटी तिला काहीच दिसत नव्हतं," सिन्योरा म्हणाल्या.

मास्तरांनी सांगितलं. रेलीबाईने आपल्या गळ्यातल्या सरी मुठीत धरल्या आणि हळूहळू बोलली. मास्तरांचा आवाजही खाली आला.

"ती म्हणते, माझी आई गेली तेव्हा तिच्या सगळ्या माळा तिच्या गळ्यात तशाच राहू दिल्या. तुझ्या आईचे डोळे फुकट नाही गेले, माझ्या आईबरोबर गेलेत. ती म्हणते, तिला पुरलं ती जागा बघायची असेल तर सकाळी ये."

सकाळी आम्ही गेलो. गावापासून थोडं वर, सागाच्या झाडीत, दगडांची एक लहानशी रास होती. भोवती मोहाची फुलं गळून पडली होती, पिवळसर, मेणासारखी. रेलीबाई राशीपाशी उकिडवी बसली. सिन्योराही तिच्याशेजारी, झगा सावरत, मातीत बसल्या.

सिन्योरा बोलू लागल्या. पुन्हा तीच गल्लीची बोली, जी मला येत नव्हती. त्या बराच वेळ बोलल्या. थांबल्या तेव्हा रेलीबाई पावरीत बोलू लागली, तितकाच वेळ. मास्तर माझ्या कानाशी वाकले. "सांगू का ती काय म्हणते ते?"

मी मानेने नको म्हटलं.

त्या दोघींचं चालूच होतं. एकदा त्या हसल्या. एकदा रेलीबाईने सिन्योरांच्या डोळ्यांवर आपला खरखरीत तळवा ठेवला आणि तसाच काही वेळ राहू दिला. खालून गाडीवानाची हाक आली. उन्हं वर यायच्या आत घाट उतरायला हवा होता. मास्तरांनी घड्याळ काढून माझ्याकडे पाहिलं.

मी सिन्योरांच्या खांद्याला हात लावला. "निघायचं ना?"

"थांब," त्या वळून न पाहताच म्हणाल्या. "तिचं बोलून व्हायचंय."

त्या दिवशी आम्ही घाट उतरलोच नाही.